उजेडाची काटकसर

जर्डनचा धाविक हा पक्षी १९०० सालानंतर कोणाच्याही खात्रीच्या नजरेस पडला नव्हता. लांब पायांचा, छातीवर दोन पट्टे मिरवणारा आणि शरीराच्या मानानं डोळे फार मोठे असलेला हा पक्षी आंध्रातल्या काटेरी झुडपी रानात राहतो. त्याला शोधायला पुढच्या काळात जाणती माणसं गेली आणि हात हलवत परत आली. धाविक दिवसा वावरतात असं धरून शोधही दिवसाच चालायचा. १९८६च्या जानेवारीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण कडप्पा जिल्ह्यात याच कामावर होते. तिथल्या ऐतन्ना नावाच्या, पाखरं धरण्यात तरबेज माणसाला हा पक्षी ठाऊक होता. गावचे लोक त्याला ‘कलिवी कोडी’ म्हणत. तो रात्री हिंडतो हेही ऐतन्नाला माहीत होतं. एका रात्री बॅटरीच्या झोतात त्यानं तो पकडला, आणि शहाऐंशी वर्षं हरवलेला पक्षी सापडला.

अकरा वर्षांनी याच्या नेमकी उलट गोष्ट महाराष्ट्रात घडली. रानपिंगळा १८८४ नंतर खात्रीनं कोणी पाहिला नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे फक्त सात नमुने होते. १९१४ सालची एक नोंद होती, पण ती रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या सैनिकी अधिकाऱ्यानं दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी डकवून तयार केली होती. त्या चिठ्ठीवर विसंबलेले लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. शेवटी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा अमेरिकनांनी खऱ्या नमुन्यांचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबारच्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. घुबड म्हटलं की रात्र, असं आपण धरून चालतो. हा मात्र सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडावर बसलेला होता. रानपिंगळा मुख्यतः दिवसाच शिकार करतो.

रात्रीच्या दुर्बिणींबद्दल लिहिताना या दोन पाखरांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. अंधारात पाहण्याचं साधन विकत घेणाऱ्याच्या मनात बहुधा एकच चित्र असतं: बटण दाबलं की काळोखाचा पडदा बाजूला होईल आणि पलीकडचं सगळं दिसेल. पण धाविक सापडला तो साध्या बॅटरीनं, आणि रानपिंगळ्यासाठी जगातली सर्वांत महाग रात्रदुर्बीणही कामाची नव्हती. कुठे बघायचं, केव्हा बघायचं हे ठाऊक असल्यावर साधनाची पाळी येते. आणि ती आली की सगळा व्यवहार उजेडाचा होतो. रात्री उजेड फार थोडा असतो. तो वाटेत कुठे कुठे सांडतो आणि कसा वाचवायचा, हे ज्याला कळलं त्याला रात्र दिसते.

पहिली गळती आपल्या डोळ्यात. माणसाच्या एका डोळ्यात अंधुक प्रकाशासाठीच्या दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी त्या मानानं थोड्या, साठ लाखांच्या घरातल्या. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य प्रखर उजेडात विरघळल्यासारखं नाहीसं होतं आणि काळोखात सावकाश पुन्हा तयार होतं. पुरतं तयार व्हायला अर्धा तास, कधी चाळीस मिनिटंही लागतात. गाडीतून उतरल्या उतरल्या “काहीच दिसत नाही” म्हणून बॅटरी पेटवणारा माणूस म्हणूनच रात्र कधीच पाहत नाही. त्याचा डोळा तयार व्हायच्या आतच तो पुन्हा आंधळा करून घेतो. मोबाइलच्या पडद्याकडे टाकलेली एक नजरही तेवढीच महागात पडते. दंडपेशींना गडद तांबडा रंग जवळजवळ कळत नाही. त्यामुळे टिपणवही वाचायची असेल तर मंद लाल दिवा वापरायचा हा जुना नियम आहे. तोही जवळ नसेल तर एक डोळा घट्ट मिटून घ्यावा. निदान त्या डोळ्याची कमाई तरी शाबूत राहते.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणून काळोखात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते, आणि जरा बाजूला पाहिलं की परत दिसते. कृत्तिकांच्या पुंजक्यावर हा प्रयोग कुणालाही करता येईल. सरळ पाहताना मोजता न येणारी एखादी मंद चांदणी नजर थोडी ढळवल्यावर उगवते. मचाणावर बसणारे अनुभवी वनमजूर हे कुठल्याही पुस्तकाशिवाय करतात. पाणवठ्याच्या काठाकडे ते टक लावून बघत नाहीत. नजर काठावरून हळूहळू फिरवत राहतात.

घुबडाला मात्र रात्रीचं लख्ख दिसत असणार, असा आपला समज. ग्रॅहॅम मार्टिन या ब्रिटिश संशोधकानं १९७०च्या दशकात युरोपातल्या एका घुबडाच्या डोळ्याची क्षमता मोजली, तेव्हा ती माणसाच्या दोन-तीन पटच भरली. पट्टीच्या शिकाऱ्यासाठी हा फरक अगदी किरकोळ. बाकीचं काम कान करतात. गव्हाणी घुबडाचे दोन कान थोड्या वेगळ्या उंचीवर असतात, आणि मिट्ट काळोखात नुसत्या खसफशीवरून ते उंदीर अचूक उचलतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालं आहे. आणखी एक आधार म्हणजे परिचय. आपल्या हद्दीतली फांदी न् फांदी घुबडाला पाठ असते. ऐतन्नाचंही तेच होतं.

डोळा तयार झाला की दुर्बिणीची वेळ. इथे एक साधा भागाकार बहुतेक खरेदीदार करत नाहीत. दुर्बिणीवर ७×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. पन्नासाला सातानं भागलं की सात मिलिमीटरहून किंचित जास्त येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या रुंदीचा असतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते, म्हणजे झोत आणि बाहुली एकमेकांना बरोबर जुळतात. जगभरच्या नौदलांनी रात्रीच्या पहाऱ्यासाठी ७×५० पिढ्यान्‌पिढ्या वापरली ती याच हिशेबानं. खिशात मावणारी १०×२५ दिवसा झकास, पण तिचा झोत अडीच मिलिमीटरचा. संध्याकाळ झाली की ती काळवंडते. उलटीही बाजू आहे. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, पाच मिलिमीटरवरच थांबते. मग सात मिलिमीटरचा झोत म्हणजे अरुंद तोंडाच्या बाटलीत घागरीनं पाणी ओतणं. बरंचसं बाहेरच सांडतं. पन्नाशीच्या पक्षिमित्रानं किलोभर वजनाची ७×५० गळ्यात वागवण्यापेक्षा ८×४२ घ्यावी. झोत सव्वापाच मिलिमीटरचा, मानेला आराम, आणि दिवसाही तीच कामाला येते.

दुसरी गळती काचेवर. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा-बारा पृष्ठभाग सहज होतात, आणि दहाव्या पृष्ठभागापलीकडे मुळातल्या उजेडाचा दोन-तृतीयांशच उरतो. हरवलेला एक-तृतीयांशही नुसता हरवत नाही. तो नळीच्या आत इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्रावर पांढुरकी झाक पसरवतो. १९३५ साली झाइस कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर अतिपातळ लेप चढवायची पद्धत शोधली. लेपाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि प्रकाश परतण्याऐवजी पुढे जातो. या शोधाचं मोल इतकं होतं की जर्मनीनं तो लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवला. आजच्या चांगल्या दुर्बिणी अनेक थरांच्या लेपामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवतात. भिंग तिरकं धरल्यावर हिरवी-जांभळी झाक दिसते ती या लेपाची.

याच लेपाच्या नावाखाली सर्वांत मोठी फसवणूकही चालते. पर्यटनस्थळांच्या टपऱ्यांवर आणि ऑनलाइन बाजारात माणकासारख्या लालभडक भिंगांच्या स्वस्त दुर्बिणी ‘नाइट व्हिजन’ म्हणून खपतात. ही लाली काय करते? तांबडा प्रकाश परतवून लावते. म्हणजे जो उजेड आत यायला हवा त्यातला काही भाग दारातच अडवते आणि चित्र हिरवट करते. रात्रीसाठी तिचा फायदा शून्य, तोटा निश्चित. कुणा मुलानं वाढदिवसाला दुर्बीण मागितली तर त्याच पैशांत फिकट झाकेच्या लेपाची साधी ७×५० किंवा ८×४० मिळते, ती घ्यावी.

खरी रात्रदुर्बीण ही निराळी वस्तू आहे. तिच्यात भिंगांतून आलेला प्रकाश डोळ्याकडे जातच नाही. तो आधी एका निर्वात नळीत प्रकाशसंवेदी पडद्यावर पडतो. प्रकाशाच्या कणांच्या धक्क्यानं पडद्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च दाबाची वीज त्यांना पुढे ढकलते, आणि पलीकडच्या चमकणाऱ्या पडद्यावर आदळून ते पुन्हा प्रकाश निर्माण करतात, पण कित्येक पटींनी जास्त. १९३४ मध्ये नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत खिलेस होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी अशी पहिली नळी बनवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि अमेरिकन सैन्यानं तिचा उपयोग बंदुकांवर केला, पण तेव्हा सोबत अवरक्त दिवा आणि जड बॅटऱ्या वाहाव्या लागत. नुसत्या चांदण्यांच्या उजेडावर चालणारं साधन व्हिएतनाम युद्धात आलं. पुढच्या पिढीत नळीच्या मध्ये केसाहून बारीक लाखो छिद्रांची काचेची चकती बसली. प्रत्येक छिद्राच्या भिंतीवर आपटत जाताना एका इलेक्ट्रॉनचे हजारो होतात. तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा पडदा आला आणि मूळ प्रकाश तीस-चाळीस हजार पटींनी वाढू लागला. चित्र हिरवं दिसतं, कारण डोळा हिरव्याच्या छटा सर्वांत बारकाईनं ओळखतो; अलीकडच्या नळ्या करड्या-पांढऱ्या चित्राच्याही असतात.

पुण्याच्या भोसरीतही भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या उपकंपनीत अशा नळ्या तयार होतात, त्या मुख्यतः सैन्यासाठी. नाशिक रस्त्यानं रोज जाणाऱ्या कित्येकांना याची कल्पनाही नसेल. उत्तम प्रतीच्या नळ्यांवर अमेरिकेसारख्या देशांचे निर्यातीचे कडक निर्बंध आहेत आणि किमती लाखांत जातात. निसर्गनिरीक्षकाच्या हाती त्यामुळे बहुधा येते ती डिजिटल रात्रदुर्बीण: कॅमेऱ्याचा संवेदक, छोटा पडदा आणि सोबतीला अवरक्त दिवा. तिला कमी लेखण्याचं कारण नाही. शेताच्या बांधावर खोदकाम करणारं साळिंदर किंवा कौलांवरून सरकणारं उदमांजर पन्नासेक मीटरवरून ती छान दाखवते. घेताना दिव्याची तरंगलांबी मात्र विचारावी. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण काळोखात त्याचा बारीक लाल निखारा माणसालाही दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा अदृश्य, पण संवेदकाला तो कमी कळतो, म्हणून पल्ला तोकडा. आणि दिवा म्हटला की दिवाच. त्याचा झोत पुढच्या गवतावर पडला तर मागचं सगळं गुडूप होतं.

उष्णता पाहणारी थर्मल साधनं आणखी वेगळी. त्यांना उजेडाची गरजच नसते. जनावराच्या अंगातून निघणारी दीर्घ लहरींची उष्णता ती टिपतात. साधी काच ही उष्णता अडवते, म्हणून त्यांची भिंगं जर्मेनियमची असतात आणि खिडकीच्या काचेतून त्यांना बाहेरचं काही दिसत नाही. दाट झाडीतलं भेकर थर्मल साधन क्षणात दाखवतं. पण दिसतो तो एक उजळ आकार. पिसांचा रंग, अंगावरचे ठिपके, डोळ्यातली सावधगिरी, यातलं काही कळत नाही. शोधण्यासाठी हे साधन उत्तम आहे. पाहण्याचा आनंद मात्र त्यात फार थोडा. उष्णता पाहण्याची ही विद्या आपल्याकडच्या रानात फार आधीपासून आहे. आंबोलीच्या ओल्या फांदीवर वेटोळं घालून बसलेल्या चापडा या सापाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्या खळग्यानं तो उंदराच्या अंगाची ऊब अंधारात ‘पाहतो’.

वैशाखी पौर्णिमेला मात्र यातलं काहीही लागत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. उन्हाळ्याचा कडेलोट, पाणी मोजक्या जागी आणि रात्रभर चंद्र. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या चार लाखाव्या भागाएवढा असतो, पण तयार झालेल्या डोळ्याला आणि मोठ्या भिंगाला तेवढा पुष्कळ. ताडोबा किंवा मेळघाटात अशा रात्री स्वच्छ ७×५० मधून सांबराच्या नाकावरून ओघळणारं पाणी दिसतं. डिजिटल साधनाच्या छोट्या पडद्यावर तेच सांबर ठिपक्यांचा एक थरथरता ढिगारा असतं, आणि पडद्याच्या उजेडानं बघणाऱ्याचा डोळा पुन्हा बिघडतो तो वेगळाच. पौर्णिमेच्या मचाणावर रात्रदुर्बीण घरी ठेवून जावं, हे मत अनेकांना पटणार नाही. एकदा करून बघावं.

काही गोष्टी माणसानं बघूच नयेत, त्या यंत्रावर सोपवाव्यात, हेही रात्रीच्या बाबतीत खरं आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यात कॅमेरा ट्रॅप लावले. ऊसशेतीचा, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहणारा हा मुलूख. वाघांचं जंगल नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे आणि पाच तरस निघाले. माणसं झोपल्यावर त्याच पायवाटांनी बिबटे हिंडत होते. कुणी दुर्बीण घेऊन बांधावर बसलं असतं तर हे कळलं नसतं, आणि बसणाऱ्याच्या जिवाला धोका झाला असता तो वेगळा. कडप्प्याच्या धाविकाचा पुढचा अभ्यासही असाच झाला: झुडपांमधल्या वाटेवर मऊ मातीचे पट्टे पसरायचे, सकाळी त्यांवरची पावलं वाचायची आणि जोडीला आपोआप टिपणारे कॅमेरे. मातीचा पट्टा हेही रात्री पाहण्याचंच साधन, आणि त्याला पैसा पडत नाही.

आता तिसरी गळती. ही सर्वांत हळू चालते आणि घरच्या कपाटात चालते.

आपल्याकडे दुर्बिणी पडून-आपटून जितक्या मरतात त्याहून जास्त बुरशीनं मरतात. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. कारखान्यातून नवीकोरी आलेल्या दुर्बिणीतही असू शकतात. त्यांना फक्त ओल हवी. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिली की ते रुजतात, आणि कोकणात नि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर दुसरं काही असतच नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेडूक आणि सापांचे अभ्यासक तिथे भर पावसात रात्री हिंडतात, कारण २००९ साली शास्त्राला नव्यानं कळलेला आंबोलीचा छोटा भेक तेव्हाच बाहेर येतो. जीवसृष्टीला पोसणारी हीच ओल त्यांच्या गळ्यातल्या काचेला खाते.

भिंगावरच्या बोटांच्या ठशातलं तेल, धुळीचे कण, आतल्या वंगणाची उडालेली वाफ यांवर बुरशी वाढते. तिचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे कडेकडून मध्याकडे पसरतात. त्यांतून पाझरणारं आम्ल आधी लेप खातं आणि मग काच. लवकर लक्षात आलं तर जाणता कारागीर दुर्बीण उघडून ती पुसू शकतो. उशीर झाला तर तंतू पुसल्यावरही त्यांचा कोरलेला ठसा कायमचा राहतो. दिवसा हे समजत नाही, इथेच घात होतो. भरपूर उजेडात चित्र किंचित फिकं वाटतं, इतकंच. पण रात्री प्रत्येक तंतू मिळालेला थोडासा उजेड विखरून टाकतो. गावच्या एका दिव्याभोवती मोठं धुकट वलय उमटतं आणि त्याच्या शेजारच्या फांदीवर बसलेलं घुबड त्या वलयात बुडून जातं. मालक म्हणतो, दुर्बीण आता पूर्वीसारखी राहिली नाही. दुर्बीण आजारी असते.

आजार ओळखायला सोपा आहे. अंधाऱ्या खोलीत दुर्बीण उलटी धरावी, एका टोकाकडून लहान बॅटरीचा उजेड तिरका सोडावा आणि दुसऱ्या टोकानं बघावं. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती थोडी असली तर चिंता नाही. जाळं किंवा फांद्याफांद्यांची नक्षी दिसली तर ती बुरशी.

उपाय स्वस्त आहे. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के ठेवावी. फार कोरडं केलं तर वंगण आणि रबर सुकतं. रंग बदलणारं जेल घ्यावं. नारिंगीचं हिरवं झालं, तर ओव्हनमध्ये मंद तापवलं की ते पुन्हा कामाला येतं. निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो, ते जेल घरात नसलेलं बरं. तांदळाच्या डब्यात दुर्बीण पुरून ठेवणारेही भेटतात. तांदळाचा भुगा फटींत शिरतो आणि ओल तशीच राहते. चामड्याची देखणी पेटी तर पावसाळ्यात बुरशीचं माहेरघर. ती शोभेला ठेवावी, दुर्बीण डब्यात. ज्यांच्याकडे कॅमेरे आणि भिंगं पुष्कळ आहेत त्यांनी विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्यावं. मुंबई-गोव्यात तरी तो खर्च चैनीचा मानू नये. आणि वापरत राहावी. हवा-उजेडात रोज बाहेर पडणाऱ्या दुर्बिणीला सहसा बुरशी लागत नाही. कपाटात सांभाळून ठेवलेलीला लागते.

नायट्रोजन भरलेल्या जलाभेद्य दुर्बिणीला आतून धुकं धरत नाही, बाहेरून धरतंच. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत काढली की भिंगांवर क्षणात दव जमतं. अशा वेळी पुसत बसू नये. दुर्बीण पिशवीतच ठेवावी आणि बाहेरच्या हवेशी जुळू द्यावी. नाहीतरी डोळ्यालाही तो अर्धा तास हवाच असतो.

पुसणं हा प्रकार तर शिकूनच करावा. तोंडानं हाः करून शर्टाच्या टोकानं भिंग घासणारा माणूस पाहिला की जीव कळवळतो. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते लेपाला ओरखडे पाडतात. म्हणून आधी रबरी फुग्यानं हवा मारायची, मग मऊ कुंचला फिरवायचा आणि त्यानंतरही डाग उरला तरच भिंगासाठीचा कागद किंवा स्वच्छ मायक्रोफायबर घ्यायचं. त्यावर द्रवाचा एखादा थेंब टाकायचा, भिंगावर थेट कधीच नाही. मध्यापासून कडेकडे, हलक्या हातानं. सर्वांत मळतं ते डोळ्याकडचं भिंग, पापण्यांच्या तेलानं; आणि बहुतेक लोक फक्त पुढचीच भिंगं पुसतात. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या दिवसांत गेलेली दुर्बीण खाऱ्या वाऱ्यात भिजून येते. ती जलाभेद्य असेल तर गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धरावी. मीठ सुकल्यावर पुसलं तर ते घासतं.

रात्री बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डासांसाठीच्या पुष्कळ मलमांत डीईईटी हे रसायन असतं, आणि ते प्लास्टिक नि रबर विरघळवतं. मलम चोळलेल्या हातांनी धरलेल्या दुर्बिणीचं आवरण चिकट होतं, डोळ्याकडचे रबरी कप चिरतात. मलम हाताच्या पाठीनं लावावं किंवा नंतर तळवे पुसावेत. नळीच्या रात्रदुर्बिणीचं पथ्य याहून कडक. दिवसा तिचं टोपण काढू नये, गाडीच्या दिव्यावर किंवा बल्बवर रोखू नये. प्रखर प्रकाशानं पडद्यावर कायमचा डाग पडतो. मोसम संपला की बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण गळलेल्या बॅटरीनं मेलेली साधनं दुरुस्तीच्या दुकानांत ढिगानं दिसतात.

या सगळ्या काटकसरीवर पाणी फिरवणारी एक गोष्ट उरते: दुसऱ्याचा उजेड. मेच्या अखेरीला भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीच्या झाडांवर काजवे फुलतात. त्यांची लुकलुक ही नर-मादीची बोलणी असतात. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या त्या बोलण्यावर पडल्या की ती तुटतात, आणि त्या वर्षीची पैदास घटते. वेळासला अंड्यातून निघालेली कासवांची पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेनं धावतात. किनाऱ्यावर दिवा असेल तर ती समुद्राकडे न जाता जमिनीकडे वळतात. शिवारात जोरदार झोत फिरवत जाणाऱ्याकडे गावकरी संशयानं बघतात तेही बरोबर आहे, कारण बॅटरी मारून सशांची शिकार करणारे तसेच फिरतात. म्हणून रात्री निरीक्षणाला जाताना गावच्या पोलीस पाटलाला सांगून जावं. अभयारण्यात तर सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

ज्यांच्या घरात दुर्बीण आहे, त्यांनी ती यंदा मृग लागायच्या आत एकदा बाहेर काढावी, उलटी धरून उजेडात तपासावी आणि डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. आणि काजव्यांच्या झाडाखाली उभं राहाल तेव्हा मोबाइल बंद करून खिशात टाका. शेजारच्यालाही तसं सांगा.